आठ म्हणजे आठ

कॅलेंडरला आजची तारीख विचारली, तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहायचा. थट्टा नाही, खरी गोष्ट. ज्याला सगळं दुकान कॅलेंडर म्हणून हाक मारायचं, ज्यानं चार हजार नळकांड्यांच्या तारखा सांभाळल्या, त्याला आज मंगळवार की बुधवार हे फाइल उघडल्याशिवाय सांगता येत नसे. हे असं कसं झालं आणि त्याची किंमत कुणी मोजली, तेच सांगायचं आहे.

दुकान होतं आग विझवायच्या लाल नळकांड्यांचं. शाळांत, दवाखान्यांत, गोदामांत भिंतीला टांगलेली असतात ना, ती. एरवी त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण ती दर तीन महिन्यांनी तपासावी लागतात, वर्षानं रिकामी करून नव्यानं भरावी लागतात, आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक चिठ्ठी बांधावी लागते. केल्याची तारीख, पुढची तारीख. भरायचं काम करणारा गडी दिवसभर पांढऱ्या भुकटीत, भुवयासुद्धा पांढऱ्या, म्हणून त्याचं नाव पडलं पावडर. चिठ्ठ्या टाइप करायचं काम आपल्या कॅलेंडरचं. मागची खोली, एक टेबल, एक जुनापुराणा कॉम्प्युटर, आणि खिडकी होती तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी.

सुरुवातीला तो पुढच्या तारखा बोटांवर मोजायचा. बोटांनी एकदा दगा दिला. तीस नोव्हेंबरला तपासलेल्या नळकांड्यांवर यानं तीन महिने पुढे मोजून खुशाल चिठ्ठी बांधली: पुढची तपासणी तीस फेब्रुवारी. एक नाही, दोन नाही, शाळेच्या अख्ख्या तीन मजल्यांवर. सरकारी तपासनीस आला, त्यानं चष्मा पुसून चिठ्ठी पुन्हा वाचली आणि मालकांना फोन करून विचारलं, की तुमच्याकडे फेब्रुवारी किती दिवसांचा असतो? मालकांचा चेहरा नळकांड्याच्या रंगाचा झाला. पावडरला तर वर्षभर पुरेल एवढं खाद्य मिळालं. रजा मागितली की म्हणायचा, घे की, तीस फेब्रुवारीला घे.

त्याच तपासनिसानं जाता जाता आणखी एक गोष्ट सुनावली. मुदत मोजायची ती प्रत्यक्ष काम झालं त्या दिवसापासून, व्हायला हवं होतं त्या दिवसापासून नाही. उशीर झाला असेल तर पुढचं सगळं तितकंच पुढे सरकलं पाहिजे. कॅलेंडरनं हे वाक्य डोक्यात खिळा ठोकावा तसं ठोकून घेतलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस तो, ताकसुद्धा फुंकून पिणार.

मग तो मॅक्रो शिकला. त्या जुन्या कॉम्प्युटरवर दुसरं काही नीट चालत नसे, साध्या मजकुराच्या फाइली तेवढ्या उघडायच्या. ना रकाने, ना रंग, नुसत्या ओळी. पण त्या ओळी लिहायच्या प्रोग्रॅममध्ये मॅक्रोची सोय होती, आणि बरोबर एक माहितीपुस्तिका होती, जी जन्मात कुणी उघडली नव्हती. यानं उघडली. मॅक्रो म्हणजे काय, तर मशीनला लावून दिलेली सवय. एकदा सगळं पायरीपायरीनं सांगून ठेवायचं: ओळीतली शेवटची तारीख उचल, तीन महिने पुढं जा, महिना लहान असेल तर त्याच्या शेवटच्या दिवशी थांब, आणि रविवार आला तर सोमवार कर, कारण रविवारी दुकान बंद. त्यानंतर नुसती दोन बटणं दाबायची. पुढची तारीख आपोआप ओळीच्या शेवटी येऊन बसायची.

चार महिने लागले त्याला. रोज सकाळी एक बटण दाबलं की आजच्या तारखेच्या सगळ्या ओळी वर येतील, हाही मॅक्रो त्यानं केला. काहीच नसेल तर फाइल लिहायची, ‘आज काही नाही’. त्यानंतर दुकानात एकही तारीख चुकली नाही. पावडरची थट्टा बंद पडली, मालक गिऱ्हाइकांना त्याची खोली दाखवू लागले. आणि हा सुखी माणूस तारखा विसरून गेला. डोक्यात ठेवायची गरज काय? फाइल म्हणेल ती पूर्व दिशा.

घरी त्याला कुणी नव्हतं. म्हणजे होती, एक ताई होती, पण आता घरी नव्हती. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा आणि ताई सतराची. तिनं लोकांचे कपडे शिवून याला वाढवलं, शिकवलं, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की सुईत दोरा ओवायला घ्यायची. यानंही लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, राहून गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत दोन पलंग, मध्ये शिवणयंत्र, आणि दोघं बहीणभाऊ. अशी चाळीस वर्षं गेली.

मग ताई जिन्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं, जुळलं, पण जिना संपला तो संपलाच. इमारतीला लिफ्ट नाही, हा दिवसभर दुकानात, तिला पाणी कोण देणार? शेवटी शहराबाहेर अडीच तासांवर एक वृद्धाश्रम होता, बैठा, पायऱ्या नसलेला, तिथं तिला ठेवायचं ठरलं. ठरवलं तिनंच. हा नुसता मान हलवत होता. सोडायला गेला तो दिवस महिन्याची आठ तारीख. फाटकापाशी एक लाकडी बाक होता, तिथपर्यंत ती काठी टेकत त्याला पोचवायला आली. तिला फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून जे काय ते तिथंच बोलून घ्यायला हवं होतं.

“कामं सोडून धावत येत जाऊ नकोस,” ती म्हणाली. “महिन्यातून एकदा ये. पण दिवस ठरवून ये. वाट बघायचं मला काही वाटत नाही रे, पण कुठल्या दिवशी बघायची ते ठाऊक पाहिजे.”

“आठ तारखेला येत जाईन.”

“आठ म्हणजे आठ?”

“आठ म्हणजे आठ,” तो म्हणाला, आणि बस आली.

घरी येऊन त्यानं काय केलं असेल? बरोबर. दुकानातला मॅक्रो उचलून घरच्या कॉम्प्युटरवर आणला आणि घराची एक फाइल केली. गॅस, दर बेचाळीस दिवसांनी. केस कापणे, दर पाच आठवड्यांनी. ताई, दर महिन्याला. दाराच्या बिजागरीला तेल, दर तीन महिन्यांनी. रविवारचा सोमवार करायची सवय त्यानं तशीच ठेवली, कारण आश्रमाकडची बस रविवारी बंद असायची. किती चपखल बसलं, असं वाटून तो स्वतःवर खूश झाला होता.

आता सुज्ञ माणसाच्या लक्षात आलंच असेल. पाचव्या महिन्यात आठ तारखेला रविवार आला, मॅक्रोनं त्याचा सोमवार केला, नऊ तारीख. हा नऊला गेला. पुढच्या महिन्याची तारीख मॅक्रोनं शेवटच्या तारखेवरून काढली, म्हणजे नऊच. मग नऊचे दहा झाले. एकदा हा तापानं आजारी पडला, दोन दिवस उशिरा गेला, आणि इमानदारीनं प्रत्यक्ष गेल्याची तारीख ओळीत भरली, तपासनिसानं सांगितलं होतं तशी. दहाचे बारा झाले. एकदा बसवाल्यांचा संप, एकदा दुकानात वर्षअखेरची मोजदाद. तारीख पुढे सरकायची, मागे कधीच यायची नाही, कारण मॅक्रोला मागे यायला कुणी शिकवलंच नव्हतं. दर वेळी एखाद्या दिवसाचा फरक, तो कुणाच्या डोळ्यांत भरणार? सकाळी फाइल वर ‘ताई’ दाखवायची, हा मालकांकडून अर्धा दिवस मागून घ्यायचा, संत्री घ्यायचा आणि बसमध्ये बसायचा. चार वर्षं तो अगदी वेळेवर, एकही महिना न चुकता, चुकीच्या दिवशी जात राहिला.

ताई दर वेळी फाटकाजवळच्या बाकावर बसलेली असायची. अंगात निळा स्वेटर, केस विंचरलेले, मांडीवर पिशवी. पिशवीत याच्यासाठी काहीतरी शिवलेलं, रुमाल म्हणा, उशीचा अभ्रा म्हणा. दुकानाकडून मिळणारं, रोज एक पान फाडायचं कॅलेंडर तो तिला दर वर्षी नेऊन द्यायचा, ते तिच्या पलंगाशेजारी टांगलेलं असायचं. तारखेबद्दल ती कधी एका शब्दानं बोलली नाही. भेटीची वेळ तीन ते पाच. तो विचारायचा, केव्हापासून बसली आहेस? ती म्हणायची, आत्ताच येऊन बसले. मग दोघं संत्री सोलायची. बोलायला फारसं नसायचं. तो तिला पावडरच्या गमती सांगायचा, ती शेजारच्या पलंगावरच्या बाईच्या घोरण्याची नक्कल करायची. पाच वाजले की तो उठायचा. परतीच्या बसमध्ये त्याला नेहमी वाटायचं, आता जरा रडू येईल, पण तेवढ्यात झोप लागायची.

आणि मग ती एकोणीस तारीख आली. फाइलीनं सांगितलं, हा गेला. बाक रिकामा होता. आतून एक मावशी बाहेर आल्या, नव्या होत्या, दोन महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या, कमरेला फडकं खोचलेलं आणि जिभेला काही हाड नाही.

“तुम्हीच का ते आठ तारखेवाले भाऊ?” मावशींनी विचारलं.

याला कळेना. तो म्हणाला, की मी भाऊच, आणि आज माझा ठरलेला दिवस आहे.

“ठरलेला? त्या तर आठ तारीख म्हणतात. आठपासून रोज जेवण झालं की स्वेटर घालून इथं बसतात, पाचाची बस गेली की आत येतात. गेल्या महिन्यातही तसंच. वारा किती आहे बघताय ना? काल खोकून खोकून छाती भरली, आज मीच उठू दिलं नाही.” मावशी जरा थांबल्या. “मी म्हटलं, आजी, तारीख चुकली असेल तुमची. तर म्हणाल्या, माझी नाही चुकत, त्याला काम असतं.”

कॅलेंडर आत गेला. ताई पडून होती. त्याला बघून तिनं आधी केसांवरून हात फिरवला. बाकावर नव्हते ना आज, असं ओशाळून म्हणाली, जणू तिचंच काही चुकलं होतं. तिच्या उशाशी कॅलेंडर होतं, एकोणीसचं पान वर, लाल नळकांड्याचं चित्र छापलेलं. त्यानंच दिलेलं. दोन तास तो तिच्या पायांवरचं पांघरूण नीट करत राहिला.

घरी आल्यावर त्यानं फाइल उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा ताईची ओळ डावीकडून उजवीकडे वाचली. आठ, आठ, आठ, आठ, नऊ, नऊ. पुढं दहा, बारा, तेरा. शेवटी एकोणीस. एखाद्याला कळलं नसतं, पण हा तर तारखांचाच माणूस. नळकांड्याला काय, ते भिंतीवर टांगलेलं असतं, ते कुणाची वाट बघत नाही, म्हणून त्याची मुदत झालेल्या कामापासून मोजली तरी चालते. ताई आठ तारखेपासून मोजत होती. एवढी साधी गोष्ट चार वर्षांत त्याच्या डोक्यात आली नव्हती. मग त्यानं एक वेडेपणा केला. आठ तारीख आणि प्रत्यक्ष गेल्याची तारीख यांच्यामधले दिवस मोजून बेरीज करायला त्यानं मॅक्रोला शिकवलं आणि बटण दाबलं. दोनशे सत्तेचाळीस. इतके दिवस ती त्या बाकावर बसून उठून आत गेली होती. झोप लागायच्या आधीच त्या दिवशी त्याला रडू आलं, आणि चांगलं मोठ्यानं आलं. ऐकायला कुणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी त्यानं मॅक्रो दुरुस्त केला. ताईच्या ओळीसाठी वेगळा नियम: मोजणी नेहमी आठवरूनच, आणि आठला रविवार आला तर सोमवार नाही, आदल्या दिवशीचा शनिवार. पुढच्या पाच वर्षांच्या तारखा काढून त्यानं हातानं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, एकेक पडताळून पाहिल्या. आता चूक होणं शक्य नव्हतं. त्याला वाटलं, झालं, फिटलं.

आठ तारखेला शुक्रवार होता. हा पावणेतीनलाच पोचला. ताई बाकावर होती, स्वेटर, पिशवी, सगळं जिथल्या तिथं. त्याला बघून ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग बसकडे, मग परत त्याच्याकडे.

“आज कसा आलास? बरा आहेस ना?”

तो म्हणाला, आज आठ आहे. ती म्हणाली, ते ठाऊक आहे, पान मीच फाडते. मग त्यानं तिला सगळं सांगितलं. मॅक्रो, रविवार, तपासनीस, सगळं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. शेवटी तो म्हणाला, की चूक माझी होती, यापुढे आठ म्हणजे आठच. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, शाळेतून कमी मार्क घेऊन आल्यावर फिरवायची तसा. संत्री सोलली. पावडरची नवी गंमत सांगून झाली. पाच वाजत आले तेव्हा ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसली होती.

“मग आता उद्यापासून काय करू रे?” ती म्हणाली.

त्याला वाटलं, टोमणा आहे. टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. सुरुवातीला वाईट वाटायचं, ती म्हणाली, खोटं कशाला बोलू. पण मग सवय झाली. जेवण झालं की आवरायचं, इथं येऊन बसायचं, वळणावर बस दिसली की वाटायचं, ही असेल. नसली तर पुढची. महिन्यातले दहा-अकरा दिवस असे भरून निघायचे. बाकीच्या बायका भिंतीकडे बघत बसतात, माझ्याकडे निदान रस्ता होता. आता तू पहिल्याच दिवशी आलास.

बस आली, तो चढला. या खेपेला त्याला झोप लागली नाही. खोलीत आला, ताईच्या पलंगावर वर्तमानपत्रांची चळत होती, ती उगाचच उचलून खाली ठेवली, पुन्हा वर ठेवली. आपण रोज काय करतो, असा प्रश्न त्याला कुणी विचारला असता तर त्यानं फाइल उघडली असती.

सकाळी त्यानं उघडलीही. फाइलीनं लिहिलं, ‘आज काही नाही’. मग दुकानात जाऊन मालकांना म्हणाला, अर्धा दिवस पाहिजे. मालकांनी विचारलं, कालच तर गेला होतास, आज कशाची तारीख आहे? हा म्हणाला, कशाचीच नाही. पावडरनं भुकटीतून डोकं वर काढून बघितलं.

फाटकाजवळचा बाक रिकामा होता. आज नऊ तारीख, कोण कशाला बसेल? मावशी म्हणाल्या, आजी झोपल्या आहेत, उठवू का? तो नको म्हणाला. संत्री शेजारी ठेवून बाकावर बसला. इतक्या वर्षांत तो त्या बाकावर रस्त्याकडे तोंड करून कधी बसला नव्हता, नेहमी ताईकडे तोंड. वारा खरंच बोचरा होता. वळणावर बस दिसायची, मग झाडामागं जायची, मग एकदम मोठी होऊन फाटकासमोर थांबायची. कुणीतरी उतरायचं, आपल्या वाटेनं जायचं. आपण इथंच आहोत हे माहीत असूनही प्रत्येक बसला त्याची मान वर व्हायची. अशा चार बस येऊन गेल्या.

पावणेपाचला काठीचा आवाज आला. स्वेटर नाही, केस विस्कटलेले, डोळ्यांवर झोप. ताई फाटकापर्यंत आली आणि थबकली. त्याच्याकडे बघितलं, त्याच्या लाल झालेल्या कानांकडे बघितलं, आणि त्याच्या शेजारी सावकाश बसली.

“केव्हापासून बसलायस रे?”

“आत्ताच,” तो म्हणाला. “आत्ताच येऊन बसलो.”